रेल्वेच्या जमिनी, नांगराच्या निशाण्या आणि एका कुलकर्ण्याची जबानी

कऱ्हाडजवळच्या एका कुलकर्णी घराण्याचे मोडी दप्तर सध्या माझ्याकडे वाचनासाठी आहे. घराण्याचा कुलवृत्तांत छापायचे काम सुरू आहे आणि त्यासाठी वतनाचे कागद, जुनी खतपत्रे, देवस्थानाच्या खर्चाच्या याद्या असे सगळे मी लिप्यंतर करून देत आहे. या दप्तरात १८८७ सालच्या एका जबानीची नक्कल निघाली. गावच्या कुलकर्ण्याची, म्हणजे गावचे हिशेब आणि कागद लिहिणाऱ्या वतनदाराची, ती जबानी आहे, आणि तो याच घराण्यातला एक पूर्वज. रेल्वेसाठी घेतलेल्या जमिनींचा मोबदला रयतेला किती पोहोचला याचा हिशेब सरकार तपासत होते आणि त्या तपासणीत त्याला साक्षीला बोलावले होते. अकरा पानांच्या या जबानीत ‘स्मरत नाही’ हे उत्तर इतक्या वेळा आले आहे की घरातल्या मंडळींना ती वाचून संकोच वाटला. घरातले वडीलधारे अण्णा मला म्हणाले, “ताई, हा कागद बाजूला ठेवला तर नाही का चालणार? आमचा माणूस काहीतरी लपवत होता, एवढेच त्यातून दिसते.” तो कागद बाजूला ठेवू नये, असे माझे मत आहे, आणि ते का, हे नीट मांडण्यासाठी हे लिहीत आहे.

आधी त्या व्यवहाराची रीत समजून घेतली पाहिजे. पुण्याहून लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड असा मिरजेकडे जाणारा लोहमार्ग १८८० च्या दशकात झाला. सदर्न मराठा रेल्वे कंपनीने मार्ग बांधायचा आणि त्याला लागणारी जमीन सरकारने घेऊन द्यायची, अशी व्यवस्था होती. त्या काळी भूसंपादनाचा १८७० चा कायदा लागू होता. आपल्या माहितीतला १८९४ चा कायदा नंतरचा. त्याने कलेक्टरला स्वतःच निवाडा देऊन ताबा घेण्याचा अधिकार दिला आणि नाराज मालकाने त्यानंतर न्यायालयात जावे असे ठरवले. १८७० च्या कायद्यात उलट होते. कलेक्टर आणि मालक यांचे रकमेवर एकमत झाले तर व्यवहार तिथेच पुरा व्हायचा, आणि न झाले तर कलेक्टरलाच प्रकरण न्यायालयाकडे पाठवावे लागायचे. न्यायालयाचा वेळ आणि खर्च टाळायचा तर रयतेची संमती मिळवणे हे कचेरीच्या सोयीचे होते. त्यामुळे गावपातळीवर सगळा भर ‘राजीखुशीने’ या एका शब्दावर असे आणि ती राजीखुशी कागदावर उतरवणारा माणूस म्हणजे कुलकर्णी. प्रत्यक्षात सरकार जमीन सक्तीने घेत होते, पण कागद मात्र खरेदीसारखे होत.

या कायद्यात रयतेच्या बाजूची एक तरतूद होती. जमीन मालकाच्या इच्छेविरुद्ध घेतली जात असल्यामुळे बाजारभावावर शेकडा १५ इतकी रक्कम जादा द्यायची होती. समजा एखाद्या तुकड्याचा बाजारभाव १०० रुपये ठरला, तर मालकाच्या हाती ११५ रुपये पडायला हवेत. हे वरचे १५ रुपये आपल्याला मिळायचे आहेत हे रयतेला कोणी सांगितले तरच कळणार, आणि सांगणारी माणसे म्हणजे मामलेदार कचेरीतले कारकून आणि गावचा कुलकर्णी. जादा रकमेची गळती कुठे होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको.

तपासणी सुरू कशी झाली, तेही जबानीतल्या प्रश्नांवरून स्पष्ट होते. पैसे चुकते केल्याच्या पावत्या मुंबईला अकौंटंट जनरलच्या कचेरीत जात. तिथे रकमांची बेरीज जुळली, म्हणजे कागदोपत्री काही उणे नव्हते. अडचण निघाली ती पावत्यांवरच्या निशाण्यांमुळे. त्या काळी अंगठ्याचा ठसा घेण्याची रीत रुजलेली नव्हती. लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे नांगराचे चित्र काढत आणि शेजारी ‘निशाणी नांगर’ असे लिहीत. बाईच्या नावापुढे बांगडी असे. खाली लिहिणाऱ्याचा ‘दस्तुर’, म्हणजे कागद कोणाच्या हातचा त्याची नोंद. या गावच्या पावत्यांवरचे नांगर तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरले, कारण ते सगळे एकाच हातचे होते. दांडी डावीकडे किंचित झुकलेली, फाळ एका फटकाऱ्यात ओढलेला, शेवटी शाईचा बारीक ठिपका. अण्णांकडच्या दप्तरात याच कुलकर्ण्याच्या हातची इतर खते आहेत आणि त्यांवरही नेमका हाच नांगर आहे. मी भिंग लावून दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. शंका घ्यायला जागा नाही.

इथे वाचकाने थोडे थांबावे. मुंबईच्या कचेरीत बसून पाहणाऱ्याला हे सरळ बनावट सहीचे प्रकरण वाटेल. गावात मात्र ही नित्याची रीत होती. लिहिणारा कलम पुढे करी, रयत त्याला हात लावी आणि मग लिहिणाराच निशाणी काढी. हात लावणे हीच सही. त्यामुळे एकाच हातचे वीस नांगर पाहून खोटेपणा सिद्ध होत नाही, तसाच खरेपणाही सिद्ध होत नाही. मधल्या त्या क्षणाला, म्हणजे कलमाला हात लावण्याच्या वेळी, रयतेला आकडा सांगितला होता की नव्हता, एवढाच खरा प्रश्न उरतो. असिस्टंट कलेक्टराने तो विचारला, याबद्दल त्याला दाद दिली पाहिजे. जबानीतला तो भाग जसाच्या तसा देते.

सवाल : नांगराच्या निशाण्या कोणाच्या हातच्या?
जबाब : रयतेच्या.
सवाल : कलम कोणी धरिले?
जबाब : कलमास रयतेने हात लाविला.
सवाल : पुढे?
जबाब : पुढे मी लिहिले.
सवाल : रकमेचा आकडा रयतेस वाचून दाखविला काय?
जबाब : रयत हजर होती.
सवाल : मामलेदार त्या समयी चावडीत होते काय?
जबाब : स्मरत नाही.

‘रयत हजर होती’ हे उत्तर मी किती वेळा वाचले असेल. प्रश्न वाचून दाखवण्याचा, उत्तर हजेरीचे. त्यात खोटे काही नाही आणि विचारलेलेही काही नाही. असे उत्तर देणारा माणूस गोंधळलेला नसतो. प्रत्येक उत्तराची किंमत कोणाला मोजावी लागेल हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि ते कसे, हे त्याच्या चारी बाजूंना पाहिले की उमगते.

एक बाजू वतनाची. १८७४ च्या वतन कायद्याने कुलकर्णीपण सरकारी शिस्तीखाली आणले होते. गैरवर्तन सिद्ध झाले तर वतनदाराला कामावरून दूर करता येत असे आणि वतनावरही गदा येऊ शकत असे. ते वतन एकट्याचे नसून भाऊबंदांचे, पुढच्या पिढीचे. दुसरी बाजू मामलेदाराची. साहेब आज कऱ्हाडला आहे, उद्या त्याची बदली बेळगावला किंवा खानदेशात होईल. मामलेदार मात्र येत्या जमाबंदीला पुन्हा समोर उभा असणार, आणि कुलकर्ण्याचे दप्तर तोच तपासणार. तिसरी बाजू गावाची. पाटील, सावकार, रयत, सगळ्यांच्या खात्यांची टिपणे याच माणसाच्या रुमालात बांधलेली. दख्खनमध्ये सावकारांविरुद्ध दंगे होऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते मोठे होते, पण तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, शिराळ्याजवळच्या कुकरूडलाही ठिणगी पडली होती आणि कर्जखते जाळली गेली होती. कागद लिहिणाऱ्या माणसाविषयी गावाच्या मनात काय साचलेले असते, हे त्या पिढीतल्या कुलकर्ण्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

चौथी बाजू कायद्याची, आणि मला ती सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. खरे बोलावे तर आपलाच गुन्हा कबूल होणार, ही भीती साक्षीदाराला वाटते हे सरकारला माहीत होते. म्हणून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात १३२ वे कलम घातले गेले. उत्तराने आपण गुन्ह्यात सापडू, या कारणाने साक्षीदाराला उत्तर टाळता येणार नाही, पण जे उत्तर द्यायला त्याला भाग पाडले गेले, ते खोट्या साक्षीचा खटला सोडून इतर फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. वाचायला हे भरवशाचे वाटते. पण १८८१ मध्ये मद्रास हायकोर्टाने या कलमाचा अर्थ लावताना ‘भाग पाडले’ या अटीवर बोट ठेवले. साक्षीदाराने आधी हरकत घेतली पाहिजे, मग न्यायाधीशाने त्याला उत्तर द्यायला लावले पाहिजे, तरच संरक्षण. जो आपण होऊन, विचारल्याबरोबर खरे सांगून टाकतो, त्याला ते नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत नाखुशी हेच साक्षीदाराचे कवच ठरले, आणि मनापासून बोलणारा माणूस उघडा पडला. कऱ्हाडच्या कचेरीत उभ्या असलेल्या कुलकर्ण्याने मद्रासचा निकाल वाचला असण्याचे कारण नाही. पण कचेरीच्या ओसरीवर वकील आणि कारकून असतात, आणि ‘विचारतील तेवढेच बोला’ हा सल्ला त्या ओसरीवर तेव्हाही मिळत होता. जबानी खात्याच्या चौकशीतली असल्यामुळे हे कवच तिथे चालले असते की नाही, हाही प्रश्नच होता. खोटे बोलल्यास पिनल कोडाचे १९३ वे कलम मात्र नक्की होते. म्हणून या माणसाने खोटे कुठेच सांगितलेले नाही. त्याने फक्त अंतर राखले.

हे सगळे लिहिताना मी त्याची वकिली करत आहे असे वाटू नये. ज्यांच्या नावापुढे ते नांगर काढले गेले, त्यांचे पैसे गेले असतील तर ते त्याच्या कलमातून गेले. साताऱ्याच्या मातीत याच काळात कुलकर्ण्यांच्या लेखणीविरुद्ध असंतोष वाढत होता. ज्यांचे मूळ घराणे आपल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी हे दुखणे उघडपणे मांडले होते: ज्याला वाचता येत नाही त्याच्या वतीने जो वाचतो, तोच त्याला लुबाडू शकतो. ही टीका या जबानीला पुरेपूर लागू पडते. म्हणूनच रयतेच्या जबान्यांकडे मी अधिक काळजीने पाहिले. नकलेत त्या संक्षेपाने आल्या आहेत. बहुतेकांनी ‘पैसे मिळाले, तक्रार नाही’ असे सांगितले आहे. चावडीवर कुलकर्णी आणि पाटील बसलेले असताना आणि मामलेदार दोन हातांवर असताना दुसरे काय सांगणार?

एक जबानी वेगळी आहे. ती एका विधवा बाईची. तिच्या पावतीवर बांगडीची निशाणी आहे. रेल्वेच्या पट्टीत तिच्या शेताचा विहिरीकडचा कोपरा गेला होता. तिने सांगितले ते असे : “मला लिहिता येत नाही, मोजता येते. पदरात घेतले तेव्हा मोजले. पावतीत आहेत तितके नव्हते.” पुढे तिने मिळालेली रक्कम सांगितली आहे. मी हिशेब करून पाहिला. पावतीतली रक्कम आणि तिने सांगितलेली रक्कम यांतला फरक जवळजवळ नेमका त्या शेकडा १५ इतका आहे. बाईला त्या तरतुदीची माहिती असण्याचा संभव नव्हता, आणि म्हणूनच हा आकडा इतका बोलका आहे. तिला कायदा माहीत नव्हता, त्यामुळे कायद्यातला नेमका आकडा ती रचून सांगू शकत नव्हती.

तिची जबानी झाल्यावर कुलकर्ण्याला पुन्हा उभे केले गेले. तिचे म्हणणे वाचून दाखवून, यावर तुमचे काय म्हणणे आहे, असे विचारले गेले. इथे ‘स्मरत नाही’ म्हणणे सर्वांत सोपे होते, किंवा बाई मोजायला चुकली असेल म्हणणे. त्याने म्हटले, “बाई खोटे बोलणारी नव्हे.” एवढेच. पुढचा प्रश्न विहिरीच्या मोबदल्याविषयी आहे, त्याला पुन्हा तेच ‘स्मरत नाही’. आकड्याविषयी तो बोलला नाही, मामलेदाराचे नाव त्याने घेतले नाही, स्वतःवर काही ओढून घेतले नाही. पण बाईच्या मागे तो उभा राहिला, आणि ती खरी तर त्याची पावती खोटी, हे त्याला कळत नव्हते असे मी मानायला तयार नाही. अकरा पानांत त्याने गरजेपेक्षा अधिक दिलेले हे एकच उत्तर. माझ्या दृष्टीने ती त्याची साक्ष.

यावर कोणी म्हणेल की इतके कळत होते तर सरळ सगळे सांगून का टाकले नाही. सरकार चौकशी करते आहे, खरे बोलणाऱ्याला सरकारने सांभाळले असते. याचे उत्तर पुढच्या दोनच वर्षांत पुण्यात मिळाले. मध्य भागाचा कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड, म्हणजे ज्याच्या नावाचे मार्केट मुंबईत आहे तोच, याच्यावर लाचखोरीचे आरोप आले. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक हे जिल्हे त्याच्या हाताखाली. नेमणुका आणि बदल्यांसाठी मामलेदारांनी त्याच्या दलालांमार्फत पैसे दिले, असा तो आरोप होता. लॉर्ड रे यांच्या मुंबई सरकारने मामलेदारांना शब्द दिला की खरे सांगा, तुम्हाला अभय आहे. त्या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले आणि १८८८ मध्ये नेमलेल्या कमिशनपुढे आपण पैसे दिल्याचे त्यांनी कबूल केले. निकाल असा लागला की लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत. हाताखालच्या माणसांकडून कर्जाऊ पैसे घेतल्याचे तेवढे शाबीत झाले आणि त्यावरून क्रॉफर्डची नोकरी गेली. मग इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि पार्लमेंटात उलटा सवाल सुरू झाला : ज्यांनी लाच दिल्याचे स्वतः कबूल केले ते न्यायाच्या खुर्चीवर कसे बसतात? दिलेला शब्द पुरा पाळला गेला नाही. खटल्यांपासून बचाव व्हावा म्हणून १८८९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, पण काही मामलेदारांच्या नोकऱ्या गेल्याच. टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने घेतली आणि पुण्यात सभा भरवली. त्यांचा मुद्दा साधा होता. सरकारने अभय देऊन साक्ष घेतली असेल, तर साक्ष संपल्यावर ते अभय काढून घेता येत नाही.

हे मामलेदार म्हणजे कोणी बापुडे नव्हते. शिकलेले, कायदा जाणणारे, तालुक्याचे मॅजिस्ट्रेट असलेले लोक. सरकारचा लेखी शब्द त्यांच्या हातात होता आणि तरीही त्यांचे असे झाले. कऱ्हाडच्या कुलकर्ण्याला तर कोणी शब्दही दिला नव्हता. त्याला मिळाले ते समन्स, आणि गैरहजर राहिलास तर दंड होईल एवढी समज. म्हणून त्याच्या ‘स्मरत नाही’ ला मी भित्रेपणा म्हणायला धजत नाही. रयतेचे पैसे गेले त्यात त्याचा हात किती होता हा प्रश्न उभाच राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे. पण न बोलण्याबद्दल त्याला दोष द्यायचा तर आधी हे सांगावे लागेल की त्याने बोलावे अशी कोणती व्यवस्था त्याच्याभोवती होती.

अण्णांशी यावर बरेच बोलणे झाले. जबानीतला बाईचा उल्लेख असलेला भाग तेवढा छापू आणि बाकीचा सारांश देऊ, असे त्यांनी सुचवले. मी नाही म्हटले. ते एक उत्तर सुटे छापले तर पूर्वज थोर ठरेल आणि रयतेच्या पावत्या पुन्हा एकदा झाकल्या जातील. नुसता सारांश दिला तर पूर्वज लबाड ठरेल आणि बाईची साक्ष जाईल. दोन्ही तिच्यावर अन्याय करणारे. शेवटी असे ठरले आहे की अकराही पाने मोडी आणि देवनागरीत समोरासमोर छापायची, प्रत्येक ‘स्मरत नाही’ च्या आधीचा प्रश्न न गाळता, आणि परिशिष्टात नांगराच्या दोन निशाण्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी द्यायची. बाईच्या घराण्याचे वंशज त्याच गावात आहेत. छापण्याआधी तिच्या जबानीचे लिप्यंतर त्यांना नेऊन दाखवायचे, ही अट मी घातली आणि अण्णांनी ती मान्य केली. विहिरीचा मोबदला कागदावर किती आणि हातात किती, याचे काही टिपण त्यांच्या घरी असेल तर तेही त्याच पुस्तकात यावे, असे अण्णांनी स्वतःहून म्हटले.